पुरुषमाणूस येईपर्यंत
(द्वितीय वर्ष कला)

पाटण तालुक्यातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला आमच्या मागच्या दाराची कहाणी फार सांगावी लागणार नाही. आषाढ लागला की दार चौकटीत गच्च बसते. उघडायला खांदा लावावा लागतो आणि बिजागरी अशी करकरते की शेजारची कुत्री भुंकू लागतात. वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार. घरात आजी, आई, मी आणि धाकटी बहीण. दार, पत्रा, नळ, काहीही बिघडले की आईचे उत्तर ठरलेले : "गणपतीला तुझं पप्पा येत्यात, तवा बघत्याल."

गेल्या आषाढात आजी रात्री परसाकडे जायला उठली. ओढता ओढता दार एकदम सुटले आणि ती मागे पडली. मनगट सुजले, महिनाभर तिला भाकरी थापता आली नाही. गणपतीला तर अजून कितीतरी दिवस होते. त्या रात्रीपासून मला आईच्या त्या वाक्याची चीड येऊ लागली.

दार अडकले की रंधा मारायचा, एवढेच आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. आदल्या वर्षी भावकीतल्या एका काकांनी भर श्रावणात तेच केले होते. लाकूड पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन फुगते, तेही रुंदीत; लांबीत जवळजवळ नाहीच. आमचे दार आंब्याच्या फळ्यांचे, म्हणजे फुगायला हुशार! पावसात तासलेले ते दार थंडीत आकसले आणि कडेला बोटभर फट पडली. आईने त्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबून माघ काढला. बरे, एवढे करून पुढच्या पावसात दार अडकायचे ते अडकलेच.

म्हणून या खेपेस मी आधी नुसते पाहायचे ठरवले. बहिणीच्या शाळेतला खडू आणून चौकटीच्या आतल्या कडेला घासला, दार लावले, उघडले. दार फुगून अडकत असते तर खडू कडेला वरपासून खालपर्यंत लागला असता. तो लागला होता फक्त कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याला. मग वरची बिजागरी पाहिली. तिच्या तीन स्क्रूंपैकी दोन आपल्या भोकांत खुळखुळत होते. दार स्वतःच्या वजनाने पुढे झुकले होते. दुखणे बिजागरीत आणि काकांनी रंधा मारला कडेला!

पुढचे काम तासाभराचे. बहिणीने पहारीने दार जरा उचलून धरले, खाली पाचर सारली. स्क्रू काढून भोकांत बांबूच्या बारीक काड्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, वाळू दिल्या आणि स्क्रू पुन्हा आवळले. आई बॅटरी धरून उभी होती आणि सारखी म्हणत होती, "चौकट निघंल गं, हात लावू नगं." चौकट निघाली नाही. दार एका हाताने लागले. थोडे घासते अजून, पण तेवढ्यासाठी फाल्गुनापर्यंत थांबायचे. लाकूड सुकले की लागेल तेवढेच घासायचे आणि फळ्यांच्या वरच्या-खालच्या कापलेल्या टोकांना रंग द्यायचा, कारण ओल सर्वांत जास्त तिथूनच शिरते.

कुणी म्हणेल, एका दाराचे एवढे कौतुक कशाला? पण मला विचारायचे आहे ते आपल्या कॉलेजबद्दल. 'कमवा आणि शिका' योजनेत मुलांना बाग, रंगकाम, बाकांची दुरुस्ती मिळते आणि आम्हा मुलींना ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर घालायला बसवतात. ग्रंथालय वाईट नाही. पण मुलींच्या खोलीची कडी मोडली, तर आम्ही पंधराजणी अर्ज लिहितो आणि शिपाईमामांची वाट पाहतो. आमच्याच जिल्ह्यात, काले गावी, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि विद्यार्थ्यांना हातांनी काम करून शिकायला लावले. त्या हातांत बांगड्या नसाव्यात, असे कुठे ठरले होते? सरांनी पुढच्या वर्षी दुरुस्तीच्या यादीत दोन मुलींची नावे घालावीत. एक नाव मी आत्ताच देते.

करकरीचे तेवढे राहिले. आई बिजागरीत खोबरेल ओतायची. पण ते २४ अंशांच्या खाली थिजते, मग थंडीच्या पहाटे त्याचा काय उपयोग? मी शिलाई मशीनचे तेल सोडले, दार दहा-बारा वेळा हलवले आणि गंजाचा काळा चिखल पुसून काढला. आवाज बंद. सगळ्यांनी शाबासकी दिली, आजी तेवढी गप्प. संध्याकाळी म्हणाली, "आता कोण आलं, कोण गेलं, मला कळायचं कसं?" तिला दिसते कमी, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. पप्पा गणपतीला आले तेव्हा त्यांनी दार दोनदा लावून पाहिले आणि खालच्या बिजागरीला तेल का घातले नाही, म्हणून मला विचारले. मी आजीकडे बोट दाखवले.