पोलिसी बळाचा वापर आणि चित्रफितीची साक्ष

२८ एप्रिल २०२३ रोजी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील बारसूच्या सड्यावर, तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी चाललेल्या माती परीक्षणाला विरोध करणारे ग्रामस्थ आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांनी अश्रुधुराचा वापर केला. आपल्यावर लाठीमार झाला, असे आंदोलकांनी सांगितले. लाठीमार झालाच नाही, असे शासनाच्या वतीने सांगण्यात आले. या झटापटीच्या चित्रफिती राजापूर-दापोलीपासून मुंबईतील चाकरमान्यांपर्यंत पोहोचल्या. दृश्ये तीच होती, परंतु ज्याने त्याने त्यांतून आपापल्या मताला सोयीचे तेवढेच उचलले. चित्रफीत मिळाली की सत्य आपोआप उघड होते, हा समज किती अपुरा आहे हे त्यातून स्पष्ट झाले.

बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिला आहे. मात्र सामान्यतः आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो आणि जमाव तो मानत नसेल, किंवा न पांगण्याचा निर्धार त्याच्या वर्तनातून दिसत असेल, तरच बळ वापरता येते. ते बळही गरजेपुरतेच असावे, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. म्हणजे काठी उगारली गेली का, एवढाच प्रश्न नसतो. हुकूम दिला होता का, जमावाने आधी काय केले, पळणाऱ्यालाही मारले का, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे असतात. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत यांची उत्तरे क्वचितच मिळतात.

तरीही चित्रफितींनी काहीच साधले नाही असे म्हणता येणार नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात मावळमध्ये पोलीस गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या वेळी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या दृश्यांमुळे राज्यभर संताप उसळला आणि शासनाला न्यायालयीन चौकशी नेमावी लागली. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. त्याची दृश्ये पसरल्यानंतर अवघ्या तीन दिवसांत तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी क्षमा मागितली आणि जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. रस्त्यावर जे घडते ते पाहणारे डोळे अनेक असतात.

खरी अडचण पोलीस ठाण्याच्या दाराआड सुरू होते. तेथे नागरिकाचा मोबाईल नसतो, साक्षीदारही नसतात.

मुंबईतील कॅथलिक तरुण अ‍ॅग्नेलो वाल्डारिस याचे प्रकरण अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. चोरीच्या संशयावरून वडाळा रेल्वे पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या या पंचवीस वर्षांच्या मुलाचा १८ एप्रिल २०१४ रोजी, त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी, मृत्यू झाला. तो पळून जाताना रेल्वेखाली आला, असे पोलिसांनी सांगितले. कोठडीत त्याचा छळ झाला, असा कुटुंबाचा आरोप होता. वडिलांनी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. याच याचिकेवर ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील सर्व पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रीकरण एक वर्ष जपून ठेवण्याचा आदेश दिला. एका पित्याच्या चिकाटीमुळे साऱ्या महाराष्ट्रासाठी हा नियम झाला. स्वतःच्या मुलाच्या प्रकरणात मात्र खुनाचे कलम लावण्याचा आदेश मिळण्यासाठी त्यांना डिसेंबर २०१९ पर्यंत थांबावे लागले.

कॅमेरा आला म्हणून वाद संपतो असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी येथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात अनेकांना अटक झाली. त्यांपैकी कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. सीसीटीव्ही चित्रीकरणात मारहाण दिसत नाही, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र शरीरावरील अनेक जखमांचा उल्लेख होता. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्धचे राज्य शासनाचे आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै रोजी फेटाळले. कॅमेऱ्यात दिसले नाही म्हणजे घडले नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. शरीरावरील खुणा, वैद्यकीय अहवाल आणि सोबतच्या कैद्यांचे जबाब हीसुद्धा साक्षच आहे.

म्हणूनच कॅमेरा कोठे बसवला आहे, तो चालू आहे का आणि चित्रीकरण कोणाच्या ताब्यात आहे, याला महत्त्व येते. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात या बाबी स्पष्ट केल्या. प्रवेशद्वार, कोठड्या, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, एवढेच नव्हे तर ठाण्याची मागील बाजूही कॅमेऱ्याच्या टप्प्यात हवी. चित्रासोबत आवाजही नोंदला गेला पाहिजे. चित्रीकरण शक्यतो अठरा महिने आणि कोणत्याही स्थितीत वर्षभर जपले पाहिजे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची आहे. देखरेखीसाठी जिल्हा समिती असावी आणि तीत जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्यासोबत ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख असावेत, असेही न्यायालयाने म्हटले. आदेश असा तपशीलवार असूनही सप्टेंबर २०२५ मध्ये, राजस्थानातील कोठडी मृत्यूंचे वृत्त वाचून, त्याच न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

नागरिकाने काढलेल्या चित्रफितीलाही कायद्याची शिस्त आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर स्वीकारले गेल्याचा वाद चित्रीकरणाच्या आधारे न्यायालयात गेला. त्यातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला, की मूळ साधन न्यायालयात हजर केले नाही तर त्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र द्यावेच लागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही प्रमाणपत्राची ही अट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा हातांतून आलेल्या तुकड्यावर लोकमत तापते, पण खटला उभा राहणे कठीण असते. चित्रण करणाऱ्याने मूळ मोबाईल जपावा, चित्रफितीत काटछाट करू नये आणि साक्षीला उभे राहण्याची तयारी ठेवावी. संदर्भ तोडलेली दृश्ये पुढे पाठवणे हा खोट्या साक्षीचाच प्रकार आहे, हे आपण तरी विसरू नये.

पोलिसांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. अंतरवालीत अनेक पोलीस जखमी झाले होते. बंदोबस्तावर तासन्‌तास उभा असणारा शिपाई बहुधा आपल्यासारख्याच घरातून आलेला असतो, आणि त्याने निर्णय घेतलेला नसतो, तर वरून आलेला हुकूम पाळलेला असतो. अखंड, न कापलेले चित्रीकरण त्याचेही खोट्या आरोपापासून रक्षण करते. प्रामाणिक अधिकाऱ्याने कॅमेऱ्याला भ्यावे असे काही नाही.

दापोलीसारख्या तालुक्यात मोठी आंदोलने क्वचितच होतात. पण पोलीस ठाणे येथेही आहे आणि केव्हा कोणाला तेथे नेले जाईल हे सांगता येत नाही. हा परिसर सीसीटीव्हीच्या देखरेखीखाली आहे आणि मानवी हक्कांचा भंग झाल्यास तक्रार करण्याचा व चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी करण्याचा अधिकार नागरिकास आहे, असा फलक स्थानिक भाषेत दर्शनी भागी लावण्याचा आदेश २०२० च्या निकालात आहे. तो लावला आहे का हे पाहणे आणि जिल्हा समितीच्या बैठका होतात का हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारणे, एवढे तर प्रत्येक धर्मग्रामातील जागरूक मंडळींना करता येईल. मृत्यू घडल्यावर चित्रीकरण शोधत बसण्यापेक्षा आधीच केलेली ही विचारपूस अधिक उपयोगी पडेल.