शेठ, उठवू का?

पुणे-सोलापूर महामार्गाने मालाच्या गाड्या रात्रंदिवस धावतात आणि भिगवणला चहापुरत्या थांबतात. गाडीत बसलेल्या व्यापाऱ्याच्या मनात सोलापूरचा भाव असतो, नाहीतर पुण्याची उधारी. रस्त्यापासून थोड्याच अंतरावर, कुंभारगाव आणि डिकसळच्या काठाला, त्याच वेळी हजारो पक्षी न्याहारीला बसलेले असतात, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाणी अडले तशी काठची गावे उठली, शेते बुडाली. पळसदेवचे प्राचीन मंदिर आजही एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते आणि जुनी माणसे दर्शनाला जातात. बुडालेल्या त्या जमिनींवर गाळ साचला आणि तेथे पक्ष्यांची वस्ती झाली. पावसाळ्यानंतर फुगवटा काठोकाठ भरलेला असतो. पुढे शेतीसाठी पाणी सोडले जाऊ लागले की तो मागे सरतो, चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात रोहित पक्षी उतरतात. यांनाच अग्निपंख किंवा फ्लेमिंगो म्हणतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. रोहित मान खाली घालून चोच चक्क उलटी धरतो, जिभेने पाणी आत ओढतो, गाळून बाहेर टाकतो आणि त्यातले सूक्ष्म जीव व शेवाळ तेवढे ठेवून घेतो. पंखांचा गुलाबी रंगही त्याला या अन्नातूनच मिळतो. पिल्ले करड्या रंगाची असतात. अशा गाळण्याने पोट भरायचे म्हणजे दिवसाचे कितीतरी तास मान खालीच ठेवावी लागते. पुढील हकिगत समजण्यासाठी एवढे ध्यानात असावे.

भिगवणच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याने मुलीच्या लग्नानिमित्त कॅमेरा घेतला. लग्न पार पडले, कॅमेरा कपाटात राहिला. मग एका हिवाळ्यात, दुकान उघडण्यापूर्वीचे दोन तास हाताशी असतात हे लक्षात घेऊन, ते पहाटे काठावर जाऊ लागले. पहिल्या दिवशी अंगात नेहमीचा पांढराशुभ्र सदरा होता. तो दुरूनच पाहून शेकाट्यांनी असा कल्लोळ केला की अर्धा काठ रिकामा झाला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मातकट रंगाचा जुना सदरा वापरायला घेतला. दुकानातील नोकरांना तो सदरा आवडत नाही.

पक्ष्यांची मराठी नावे त्यांना एकेक करून कळत गेली. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी तो वारकरी. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू लावलेले ते हळदी-कुंकू बदक. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो आणि दिवसभर काठावर विसावतो. ही नावे ठेवणाऱ्यांची दृष्टी घरातलीच होती. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधून ती पाण्यावर पोहोचली असावी.

त्याच हंगामात त्यांनी नाव ठरवली. नावाडी मूळचा मासेमारी करणारा. त्याच्या आजोबांचे शेत याच पाण्याखाली आहे. रोहितांचा थवा समोर येताच त्याने वल्हे थांबवून सहज विचारले, “शेठ, उठवू का?”

उठवणे म्हणजे नाव सरळ थव्यावर नेणे. रोहिताला जागेवरून झेप घेता येत नाही. पाण्यावर काही पावले धावून मगच त्याला उचलता येते. शेकडो पक्षी एका वेळी धावू लागतात, पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडतो आणि आकाश पेटल्यासारखे होते. शेठ हो म्हणाले. छायाचित्र अप्रतिम आले. चौकट करून ते गादीच्या मागे लावले गेले आणि अनेक ग्राहकांनी उधारीची गोष्ट काढण्यापूर्वी त्याची स्तुती केली.

पुढच्या रविवारी ते काठावरच बसले होते. पुण्याहून आलेल्या मंडळींच्या नावा लागोपाठ पाण्यात गेल्या आणि त्यांच्यादेखत तोच थवा तीनदा उठवला गेला. प्रत्येक वेळी पक्षी दूर जाऊन उतरत, माना उंच करून उभे राहत, बऱ्याच वेळाने एखादा मान खाली घाली आणि तेवढ्यात दुसरी नाव येई. शेठजींना दिवाळीचा बाजार आठवला. ऐन गर्दीच्या वेळी कोणी येऊन तीनदा दुकान बंद करायला लावले, तर संध्याकाळी गल्ल्यात काय उरेल? पक्ष्याचा गल्ला तर रोजचा रोजच असतो. आणि ज्याला पुढे हिमालय ओलांडायचा आहे, त्याला अंगावर चरबीची शिल्लक साठवूनच निघावे लागते.

दोष नावाड्याचा म्हणावा, तर ग्राहक मागतो तोच माल दुकानात ठेवला जातो, हे व्यापाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. पुढच्या खेपेस नावेत पाऊल ठेवण्यापूर्वीच त्यांनी सांगितले, “मामा, पैसे नेहमीचेच देईन, पण पाखरे उठवायची नाहीत. एक जरी उडाले, तरी परत फिरायचे.” नावाड्याला प्रथम ही थट्टा वाटली. मग त्यानेच त्यांना शिकवले, कारण त्याला सारे ठाऊक होते. थव्यातल्या माना एकामागून एक वर येऊ लागल्या की थांबायचे. सगळे एकाच दिशेने चालू लागले, तर आपण आधीच फार जवळ आलो आहोत असे समजायचे. सूर्य पाठीशी ठेवायचा, नाव आडवी धरायची, वल्हे आत घ्यायचे आणि पाणी नेईल तिकडे जायचे. अशा वेळी कधी कधी पक्षीच चरत चरत नावेच्या दिशेने येतात.

भादलवाडीच्या तलावात चित्रबलाक झाडांवर घरटी करतात, तिथे तर शेठजी दुर्बिणीपलीकडे जात नाहीत. भर उन्हात पिल्लांवर पंखांची सावली धरून उभे असलेले आईबाप त्यांनी पाहिले आहेत. ते घाबरून उडाले, तर ती सावलीही जाते आणि कावळे टपलेलेच असतात.

एकदा त्यांनी मातोश्रींना नावेत नेले. जवळच राखी बगळ्याने मासा गिळला. मातोश्रींनी मान फिरवली आणि मनात नवकार म्हटला. तेवढ्यात शेजारच्या नावेतून कोणी कुरवांना शेव टाकू लागले. पांढरे पक्षी हवेतल्या हवेत ती झेलू लागले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. ओट्यावर पारव्यांना ज्वारी टाकणारा तो हात. त्यांनी लगेच पिशवीतला खाऊ काढला. मुलाने समजावले की तळलेले खारट पीठ हे कुरवांचे अन्न नव्हे, ते मासे आणि किडे खातात, आणि अशा सवयीने ते नावांमागे भीक मागत फिरतात. मातोश्री शांतपणे म्हणाल्या, “शेव खाल्ली, तर तेवढे मासे वाचतील ना रे?”

याला मुलापाशी उत्तर नव्हते. ते आजही नाही. मात्र खाऊ पिशवीत परत गेला, तो शेव बाधेल या एका शब्दावर.

गादीमागचे ते छायाचित्र उतरवावे असे त्यांच्या मनात होते. मातोश्रींनी नकार दिला, त्यांना उडती पाखरे शुभ वाटतात. म्हणून शेजारी दुसरे लावले आहे. त्यात करड्या पाण्यावर दूरवर गुलाबी ठिपक्यांची एक ओळ आहे, सगळ्या माना खाली. ग्राहकांची नजर पहिल्यावर जाते. दुसऱ्यात नक्की काय आहे, असे काही जण विचारतातही. परवा नावाडी तेल आणि डाळ न्यायला आला होता. पिशवी खाली ठेवून तो त्या दुसऱ्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “ही त्या दिवशीची. एकबी उठलं नव्हतं.”