ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली?

'रूट कॅनाल' म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "त्यापेक्षा उपटून टाक ना, एकदाची कटकट जाईल." दुसरा लवंगेचं तेल आणि दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस ढकलतो. माझं दोघांशीही पटत नाही. त्यात गेल्या महिन्यात आत्या फोनवर खुशीत म्हणाली, "चार दिवस ठणकत होती, आता आपोआप थांबली. कशाला जायचं डॉक्टरकडे?" म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू.

आधी हे आपोआप थांबणं काय असतं ते बघू. दाताच्या आत पोकळी असते आणि तिच्यात मऊ गर, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा. कीड तिथवर पोचली की गराला सूज येते. बोट सुजलं तर कातडी ताणते, पण इथे चहूबाजूंनी टणक भिंत. सुजायला जागाच नाही! म्हणून तो जीवघेणा ठणका, आणि रात्री आडवं झालं की आणखीनच. पुढे गराचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो मरतो. मेलेली नस दुखणार कशी? ठणका थांबतो, पण जंतू आतच असतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात.

मग कधीतरी हिरडीवर पुळी येते, नाहीतर गाल सुजतो. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्याकडे पसरला तर श्वास कोंडू शकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ सालीच याचं वर्णन करून ठेवलंय. सुजेबरोबर ताप असेल, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल, तर सरळ हॉस्पिटल गाठावं.

"अँटिबायोटिक घेतलं की झालं" हाही एक लाडका समज. औषध रक्तातून पोचतं. मेलेल्या गरात रक्तच जात नाही, तर औषध कुठून जाणार? पसरलेला संसर्ग त्याने आटोक्यात येईल, पण मूळ घाण तिथेच राहते.

रूट कॅनालमध्ये ती घाणच काढतात. भूल देऊन दाढेला वरून छिद्र पाडायचं, बारीक फाइल्सनी मुळांतल्या नळ्या साफ करायच्या, जंतुनाशक द्रवाने धुवायच्या आणि गटापर्चा भरून बंद करायच्या. हा गटापर्चा म्हणजे आग्नेय आशियातल्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर हाच चढवत. वरच्या दाढेत बरेचदा चार नळ्या असतात, म्हणून वेळ लागतो. आणि मंडळी, ज्या वेदनेला आपण घाबरतो ती बहुतेक वेळा संसर्गाची असते, उपचाराची नाही.

उपटणं सोपं खरं, पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलंडतात, समोरचा दात तिकडे सरकतो. मग ब्रिज नाहीतर इम्प्लांट, म्हणजे वाचवलेले पैसे तिथे जातात. मूळच उभं चिरलं असेल तर काढण्यावाचून इलाज नाही, हे मान्य. पण तो निर्णय एक्स-रे आणि तपासणीनंतर व्हावा, भीतीपोटी नको.

खर्चाची अडचण मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खेपा जास्त पडतील, पण खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. आणि पैसे वाचवायला कॅप टाळू नका. कीड आणि उपचार मिळून दाढ पोखरलेली असते, कॅप नसेल तर एखाद्या चकलीनेही तिचा तुकडा पडायचा.

आत्याला हे सगळं सांगून झालंय, ती "बघू" म्हणते. माझं आपलं सगळ्या नातेवाईकांना एकच सांगणं: दुखत असताना जाल तेव्हा जाल, पण दुखायचं अचानक थांबलं तर त्याच आठवड्यात जा.