चित्रातले पानिपत

अण्णा नगरच्या आमच्या घरी नातू पानिपतचे सचित्र पुस्तक हातातून खाली ठेवत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचा आनंदच आहे. सनावळीला जे साधत नाही, ते चित्र साधते. मात्र पानोपानी दिसतात त्या तलवारी आणि उधळलेले घोडे. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडील मार्ग तोडला. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे रणात उतरले, ते छावणीतील उपासमार असह्य झाल्यामुळे. शालेय ग्रंथालयांसाठी अशी पुस्तके निवडताना शासनाने रसदमार्गांच्या नकाशाचा आग्रह धरावा. अन्यथा मुले पराभवाला केवळ दुर्दैव समजतील आणि पुढे नागरिक म्हणून नियोजनाचा हिशेब मागणार नाहीत.