मागच्या सीटचे काय?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळेच्या फाटकापाशी माजी विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. यंदा आठ जणांचा एक गट आम्हांला भेटायला आला. चार मोटारसायकलींवरून साल्हेरला जायचे त्यांनी ठरवले आहे. बरोबर नेण्याच्या सामानाची यादीही त्यांनी केली होती. "सर, ही वार्तापत्रात छापा, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल," अशी त्यांची विनंती होती.

बेत ऐकून आम्हांला आनंदच झाला. साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला, उंची १५६७ मीटर. १६७२ साली याच किल्ल्याच्या परिसरात मराठ्यांनी मोगल फौजेचा समोरासमोरच्या लढाईत पराभव केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून ज्या बारा मराठा किल्ल्यांना मान्यता दिली, त्यांत साल्हेरही आहे. सुरतेच्या मराठी मुलांनी तो जरूर पाहावा.

पण ती यादी आम्ही या अंकात छापलेली नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख.

यादीत मोबाईलचा स्टँड होता, हेल्मेटवर बसवायचा कॅमेरा होता, जादा दिवे होते, तंबू होता, गाणी ऐकण्याचा स्पीकरही होता. हेल्मेट मात्र चारच. माणसे आठ आणि हेल्मेट चार, हे कसे, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, "मागे बसणारा कुठे गाडी चालवतो?"

मुलांनो, गाडी पडते तेव्हा ती चालवणारा कोण आणि बसणारा कोण हे पाहत नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे देशातील रस्त्यांवर मृत्यू पावली. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून आढळले आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला सारखेच लागू आहे. म्हणून आमचे मत असे की, लांबच्या प्रवासाची तयारी मागच्या सीटपासून सुरू करावी. तिथे बसणाऱ्याची सोय झाली की मगच कॅमेऱ्याचा विचार करावा.

हेल्मेट आयएसआय खुणेचेच घ्यावे. १ जून २०२१ पासून या खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकण्यास देशात बंदी आहे. ते डोक्यावर घट्ट बसले पाहिजे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे. पट्टा न लावलेले हेल्मेट धडकेच्या वेळी डोक्याच्या आधी रस्त्यावर जाते. रात्रीसाठी काच पारदर्शक असावी. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे.

आता बाकीच्या सामानाविषयी. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, मग चरणमाळ घाटातून पिंपळनेर, ताहाराबाद, मुल्हेर असा हा रस्ता. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या आसपास. निघण्याच्या आठ दिवस आधी गाडी मेकॅनिकला दाखवावी. ब्रेक, चेन आणि टायर तपासून घ्यावेत. क्लच आणि ॲक्सिलेटरची एकेक जादा केबल, प्लग, प्लगचा पाना, फ्यूज आणि हेडलाइटचा बल्ब जवळ ठेवावा. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चरचे किट आणि हवेचा पंप, नसेल तर जादा ट्यूब घ्यावी. जड सामान खाली आणि गाडीच्या मध्याजवळ बांधावे. दोरीचे लोंबते टोक चाकात गेले की काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे ते विसरत नाहीत. ओढणीचे आणि साडीच्या पदराचेही तेच. हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट प्रत्येकाला हवेत. हत्यारांची पिशवी आणि प्रथमोपचाराची पेटी सर्वांत शेवटच्या गाडीवर असावी, कारण पुढे गेलेला मित्र मागे काय झाले ते पाहू शकत नाही.

मुलांचा बेत एका दिवसात जाऊन येण्याचा होता. पहाटे निघायचे, गड चढायचा, रात्री घरी. आम्हांला हे मुळीच पसंत नाही. गड उतरल्यावर पाय थकलेले असतात आणि डोळ्यांवर झोप असते. त्यात दिवाळीनंतर बारडोली-व्यारा भागात ऊसतोडणीचे दिवस. उसाच्या कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. एक रात्र गडाच्या पायथ्याशी मुक्काम करावा आणि सकाळी निघावे.

२०१९ मध्ये आपल्याच सुरतेतील 'बायकिंग क्वीन्स' या गटाच्या तीन महिला वाराणसीहून मोटारसायकलने निघून लंडनला पोहोचल्या. एवढा पल्ला नुसत्या हौसेवर पार पडत नाही. साल्हेरचा पल्ला लहान असला तरी रस्ता तोच नियम लावतो.

इथपर्यंत वाचून पालक म्हणतील, "बरे सांगितलेत मुलांना." पण पालकहो, मुले हे कोणाकडून शिकली?

आपल्या समाजातला खरा लांबचा मोटारसायकल प्रवास साल्हेरचा नाही. तो गावाकडचा आहे. आखाजी असो, लग्न असो की दिवाळी, आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे मोटारसायकलवरून धुळे-नंदुरबारकडे निघतात. पुढे टाकीवर धाकटा, मध्ये थोरली, मागे आई, आईच्या मांडीवर गाठोडे. सुरत ते धुळे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. चौघांत हेल्मेट एक, तेही पुष्कळदा हँडलला अडकवलेले.

आम्ही हे दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. आम्हीही असेच गेलो आहोत. आमच्यापैकी एकाची गाडी अशाच एका दिवाळीत कोंडाईबारी घाटात रात्री पंक्चर झाली. जवळ ना पाना, ना ट्यूब. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि सहा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेला गाठोड्यावर बसून होती. दोन तासांनी एका टेम्पोवाल्याने मदत केली. त्या रात्री काही वाईट घडले नाही, यात आमची हुशारी काहीच नव्हती.

कायदा मोटारसायकलवर चालवणाऱ्याशिवाय एकालाच बसू देतो. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांखालील मुलासाठी बांधण्याचा पट्टा आणि हेल्मेट लागते, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. तेव्हा चौघांनी गावी जायचे असेल तर उधन्याहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे जाणारी रेल्वे आहे, एस.टी. आहे. गर्दी असते हे खरे, पण गर्दीत उभे राहून गेलेले मूल घरी पोहोचते. आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटारसायकल देऊ नये. त्याच्या चुकीबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे.

मुलांच्या हेल्मेटचा खर्च परवडत नाही, दोन वर्षांत ते लहान होते, आणि सुरतेच्या उकाड्यात मूल ते घालत नाही, अशा अडचणी पालक सांगतात. त्या खोट्या नाहीत. म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे. लहान झालेली पण न आपटलेली हेल्मेट पालकांकडून घेऊन गरजूंना देण्याची सोय शाळेत करावी. वर्गाबाहेर हेल्मेट ठेवण्यासाठी एक लाकडी मांडणी करून द्यावी. आणि दुचाकीवरून येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असावे, असा नियम नव्या सत्रापासून करावा. शिक्षकांपासूनच त्याची सुरुवात व्हावी. रोज शाळेत येताना लागलेली सवय गावाच्या रस्त्यावरही टिकेल.

त्या आठ जणांना आम्ही एवढेच सांगितले आहे की, आणखी चार हेल्मेट घ्या, एक मुक्काम वाढवा आणि सुखरूप परत या. मग तुमची यादी आणि साल्हेरचे वर्णन पुढच्या अंकात आम्ही आनंदाने छापू. जागा राखून ठेवली आहे.