‘कारण’ नावाचा रकाना

मेंदू प्रयोगशाळेत आला की आधी त्याचं वजन करतात. प्रौढ माणसाचा भरतो साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम. मग तो मधोमध चिरतात. अर्धा फॉर्मलिनमध्ये जातो, उरलेल्या अर्ध्याचे सेंटिमीटरभर जाडीचे काप करून ते उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. एक छोटा तुकडा पी.एच. मोजण्यासाठी बाजूला काढतात. माणूस शेवटचे तास धापा टाकत, ऑक्सिजन कमी पडून गेला असेल तर मेंदू आम्लधर्मी होतो आणि त्यातल्या आर.एन.ए.वर भरवसा ठेवता येत नाही. हे सगळं मृत्यूनंतर शक्यतो 24 तासांच्या आत व्हावं लागतं. म्हणजे घरात रडारड चालू असते, नातेवाईक अजून गावाहून पोचायचे असतात, आणि तेवढ्यातच कुणीतरी फोन करून विचारायचं असतं, की तुमच्या मुलाचा मेंदू संशोधनासाठी द्याल का?

इतकं करून तो काप टेबलावर ठेवला, तरी हा माणूस स्किझोफ्रेनियाचा होता, डिप्रेशनचा होता की ठणठणीत होता, हे नुसतं पाहून जगातला कुठलाही पॅथॉलॉजिस्ट सांगू शकत नाही. अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये एका मृत बाईच्या मेंदूतल्या गुठळ्या आणि गुंते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि त्यांचं नाव एका आजाराला कायमचं चिकटलं. त्याच अल्झायमरनी स्किझोफ्रेनियाच्या (तेव्हा त्याला ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हणत) रुग्णांचे मेंदूही तपासले होते. तिथे असं ठसठशीत काही हाती लागलं नाही. पुढे 1972 मध्ये फ्रेड प्लम या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टनी वैतागून स्किझोफ्रेनियाला मेंदू-पॅथॉलॉजिस्टांची स्मशानभूमी म्हटलं, ते त्यामुळेच.

दरम्यान रसायनं मोजायला सुरुवात झाली होती. 1967 मध्ये लंडनच्या शॉ, कॅम्प्स आणि एकल्स्टन यांनी डिप्रेशनमध्ये आत्महत्या केलेल्यांच्या मेंदूच्या मागच्या भागात सेरोटोनिन कमी असल्याचं मांडलं. अशाच कामांतून ती कल्पना वाढत गेली आणि आपल्याकडे ‘मुन्नाभाई’नंतर घरोघरी ‘केमिकल लोचा’ म्हणून पोचली. न्यूयॉर्कला जॉन मान आणि व्हिक्टोरिया अरांगो यांनी हे सूत्र पुढे बरीच वर्षं चिकाटीने तपासलं. चित्र मात्र ‘अमुक रसायन कमी, म्हणून दुःख जास्त’ इतकं सरळ निघालं नाही.

स्किझोफ्रेनियात तर आणखीच गंमत. मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, जास्त आढळले तेव्हा मोठाच आनंद झाला होता. मग शंका आली, की ही वाढ आजाराची की वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांची? हा संशय किती रास्त होता ते पिट्सबर्गच्या एका गटाने 2005 मध्ये दाखवलं. त्यांनी निरोगी माकडांना दीड-दोन वर्षं हॅलोपेरिडॉल किंवा ओलांझापिन दिलं. माकडांचे मेंदू आठ ते अकरा टक्क्यांनी कमी भरले. आजार नसताना. (गोळ्या चालू असलेल्या वाचकांनी हे वाचून त्या बंद करू नयेत. माकडांना आजार नव्हता, तुम्हाला आहे. काय ते डॉक्टरांशी बोला.) त्याच पिट्सबर्गमध्ये डेव्हिड लुइस यांच्या गटाला स्किझोफ्रेनियात कपाळामागच्या भागातल्या पेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे, म्हणजे एका पेशीचा दुसरीशी जोड होतो त्या जागा, कमी दिसल्या. 2016 मध्ये सी-फोर नावाच्या जनुकाचा संबंध पुढे आला आणि पौगंडावस्थेत मेंदूतले जोड छाटले जातात ती प्रक्रियाच काहींच्या बाबतीत हाताबाहेर जाते की काय, हा विचार बळावला. म्हणजे स्मशानात उगवतंय काहीतरी. पण हे सगळं सरासरीत उगवतं. पन्नास मेंदू इकडे, पन्नास तिकडे ठेवले तर फरक दिसतो. त्यातला कुठलाही एक उचलून ‘हा कुठल्या गटातला’ असं विचारलं, तर संशोधक गप्प बसतात.

या सगळ्या संशोधनात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मॉन्ट्रियलचा एक प्रयोग. मॅकगिल विद्यापीठाच्या मंडळींनी 2009 मध्ये तो प्रसिद्ध केला. फक्त 36 मेंदू होते. बारा आत्महत्या केलेल्या आणि लहानपणी अत्याचार सोसलेल्या माणसांचे, बारा आत्महत्या केलेल्या पण तसा इतिहास नसलेल्यांचे, आणि बारा अन्य कारणांनी अचानक गेलेल्यांचे. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातलं एक जनुक त्यांनी तपासलं. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं आणि ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूला त्याच्या रिसेप्टरमार्फत मिळतो. त्या रिसेप्टरचं हे जनुक. पहिल्या गटात त्याच्यावर मिथाइलचे रासायनिक खुंट जास्त बसलेले होते आणि जनुकाचं काम मंदावलेलं होतं. गोम पुढे आहे. आत्महत्या केलेल्या पण अत्याचार न सोसलेल्या बारा जणांचे मेंदू या बाबतीत तिसऱ्या, साध्या गटासारखेच निघाले. म्हणजे सीमारेषा आत्महत्या आणि अपघात यांच्यामधून गेलीच नाही. ती गेली बालपणामधून.

छत्तीस मेंदूंवरून जग जिंकता येत नाही, आणि असल्या प्रयोगांतले फरक मोठ्या गटात विरून जाण्याचा अनुभवही या क्षेत्राला भरपूर आहे. पण मला दाखवायचं आहे ते वेगळंच. पहिले बारा आणि दुसरे बारा वेगळे कसे काढले? कापांवरून नव्हे. संशोधक त्या घरांतल्या आई-वडिलांशी, भावंडांशी, जोडीदाराशी तासन्‌तास बोलले होते, जुने कागद वाचले होते. हे बोलणं झालं नसतं तर चोवीस मेंदू एकाच ढिगात पडले असते, सरासरीत फरक पुसून गेला असता आणि ‘काही सापडलं नाही’ असा अहवाल निघाला असता.

या बोलण्याला सायकॉलॉजिकल ऑटॉप्सी म्हणतात. दिल्लीतल्या बुरारीत एक अख्खं कुटुंब घरात मृत सापडलं, त्या घटनेनंतर आपल्या टीव्हीवाल्यांनी हे नाव असं वापरलं, की जणू मेलेल्याच्या मनात शिरायचं यंत्रच. मुळात ही पद्धत 1950च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये जन्मली, ती तिथल्या मेडिकल एक्झामिनरला पडलेल्या साध्या प्रश्नातून. गोळ्या जास्त झाल्या, त्या चुकून की जाणूनबुजून? एडविन श्नाइडमन आणि त्यांचे सहकारी नातेवाइकांच्या घरी जाऊ लागले. आपल्याकडे लक्ष्मी विजयकुमार आणि एस. राजकुमार यांनी 1999 मध्ये चेन्नईतल्या शंभर आत्महत्यांचा अभ्यास याच वाटेने, शंभर जिवंत माणसांशी तुलना करत केला.

मेंदू घेण्याच्या परवानगीचा प्रश्न मात्र टाळून चालत नाही. मँचेस्टरजवळच्या एका धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थांनी डिप्रेशनमध्ये 1987 साली आत्महत्या केली. कॉरोनरच्या आदेशाने शवविच्छेदन झालं, दफन झालं. तेरा वर्षांनी, 2000 मध्ये, त्यांच्या पत्नीच्या हाती काही वैद्यकीय कागद आले. त्यांवरून कळलं, की नवऱ्याचा मेंदू काढून मँचेस्टर विद्यापीठात मानसिक आजारांच्या संशोधनाला दिला होता. कुणी तिला विचारलं नव्हतं. देह अखंड दफन व्हावा ही तर त्या धर्मातली मूळ अपेक्षा. बाई गप्प बसल्या नाहीत. 2003 मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल आला, तो आयझॅक्स अहवाल. 1970 ते 1999 या काळात राखून ठेवलेले वीस हजारांहून जास्त मेंदू देशभर असल्याचं त्यात निघालं, आणि त्यातल्या कितीतरी घरांना त्याचा पत्ताच नव्हता. लिव्हरपूलच्या बालरुग्णालयात न विचारता ठेवून घेतलेल्या अवयवांचं प्रकरण आधीच पेटलेलं होतं. दोन्ही मिळून 2004 चा ह्यूमन टिश्यू ॲक्ट झाला. मला त्या संशोधकांचा हेतू वाईट वाटत नाही. पण ज्या घराला सगळं ठाऊक होतं त्यालाच त्यांनी विचारलं नाही, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनेही त्यांनी अर्धाच नमुना उचलला.

खरं तर हे क्षेत्र उभं केलं ते घरांनीच. बहिणीला स्किझोफ्रेनिया होता म्हणून फुलर टोरी मनोविकारतज्ज्ञ झाले आणि पुढे त्यांनी मेंदूंचा मोठा संग्रह उभारला. त्याला पैसा दिला तो स्टॅन्ली दांपत्याने, त्यांच्या मुलाला बायपोलर होता. हार्वर्डच्या जिल बोल्टी टेलर गिटार घेऊन रुग्णांच्या कुटुंबांसमोर मेंदूदानाचं गाणं गात, त्यांचा भाऊ स्किझोफ्रेनियाचा रुग्ण. आपल्याकडेही कॅलगरीचे प्रा. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली आणि याच आजारावरच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच उभे राहिले.

मेंदूंची बँक भारतातही आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये डॉ. एस. के. शंकर यांनी ती 1995 मध्ये उभी केली. तिथे बरेचसे मेंदू येतात ते रस्ते-अपघातांत गेलेल्यांचे, नातेवाइकांच्या संमतीने. शेजारच्या संग्रहालयात सामान्य माणसाला खराखुरा मेंदू हातातही धरता येतो. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्याला अशी बँक काढा, असं मी म्हणणार नाही. हार्वर्डशी जोडलेल्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये 2012 साली एक फ्रीझर बंद पडला, अलार्म वाजला नाही आणि दीडशेच्या आसपास मेंदू वितळले. आपल्याकडच्या विजेचं काय सांगावं! शिवाय देहदानाचा फॉर्म भरलेल्या माणसाने आत्महत्या केली तर प्रकरण पोलिसांचं होतं आणि शरीररचना विभाग ते शव घेत नाही, हेही बऱ्याच घरांना आयत्या वेळी कळतं.

पण शवविच्छेदन आपण करतोच की! नॅशनल क्राइम रेकॉर्ड्‌स ब्यूरोच्या नोंदीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. महाराष्ट्रात 22,746, देशात सर्वाधिक. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, पी.एम., आणि शेवटी एक रकाना. कारण. ‘घरगुती वादातून’, ‘आजारपणाला कंटाळून’, ‘कर्जबाजारीपणामुळे’. राष्ट्रीय आकडेवारीत 31.7 टक्के कौटुंबिक समस्या आणि 18.4 टक्के आजारपण, असं येतं ते इथूनच. मानसिक आजार हा त्या आजारपणाच्या पोटातला एक उपरकाना. कारणाचा हा रकाना भरतो हवालदार, आणि तोही समोरचा जाबजबाबाला घाबरलेला असताना.

शेतकऱ्याच्या घरी तर कारणाला किंमतही असते. जिल्हास्तरीय समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवते. नापिकी, बँकेचं वा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा हे कागदावर बसलं तर एक लाख रुपये, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. नवरा तीन महिने झोपला नव्हता, तालुक्याच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या होत्या, त्याचा बापही असाच गेला होता, हे तलाठ्याला कुठली बाई सांगेल? तिने सांगूही नये, एवढी ती व्यवस्था वाकडी आहे. यावर लगेच ‘बघा, म्हणजे शेतीचा प्रश्नच नाही, सगळा मानसिक आजार’ असं म्हणणाऱ्यांनी मॉन्ट्रियलचे बारा मेंदू आठवावेत. बाहेरून बसलेला मार आत पेशीपर्यंत पोचतो, असं ते काम सुचवतं. कर्ज आणि डिप्रेशन यांतलं एकच निवडायला लावणारा फॉर्मच चुकीचा आहे.

माझी मागणी फ्रीझरची नाही, माणसांची आहे. शवविच्छेदन होतं त्या प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात मनोविकार विभाग असतो, बहुतेक ठिकाणी मेडिकल सोशल वर्करही असतात. त्यांनी आत्महत्येच्या घरी दोन-तीन महिन्यांनी जावं. पोलिसांसोबत नाही आणि तलाठ्यासोबत तर मुळीच नाही. नोंद गुप्त राहावी, नुकसानभरपाईशी तिचा काडीचा संबंध नसावा. जाताना मागे राहिलेल्यांचीही विचारपूस करावी, कारण त्या घरात पुढचा धोका असतो. टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक निदान तिथे चिकटवून यावा. घरच्यांना उगाच त्रास होईल, हा आक्षेप मी ऐकलेला आहे. अशा मुलाखती घेणाऱ्यांचा जगभरचा अनुभव उलटा आहे. लोक रडतात, पण त्यांना बोलायचं असतं.

एखाद्या विभागप्रमुखाला हे करून पाहायचं असेल तर शासन निर्णयाची वाट पाहायचं कारण नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी, घरच्यांची लेखी संमती आणि मराठीतली एक नीट प्रश्नावली एवढ्यावर एका तालुक्यापुरतं काम सुरू होऊ शकतं.