कपाटातला स्टँड

वार्षिकांकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा मैत्रिणींनी मला अनेक विषय सुचवले. आजची स्त्री, तरुणांपुढील आव्हाने, पर्यावरणाचा ऱ्हास इत्यादी. हे विषय मोठे आहेत यात शंका नाही. पण मला लिहायचे आहे ते एका अगदी लहान वस्तूविषयी, टॅबलेट ठेवण्याच्या खाली-वर होणाऱ्या स्टँडविषयी. असा एक स्टँड आपल्या महाविद्यालयात आहे. तो एका कपाटात असतो आणि त्या कपाटाला कुलूप असते. ते कुलूप निघावे, एवढेच माझे म्हणणे आहे. वाचकांनी हसण्यापूर्वी ते ऐकून घ्यावे, ही विनंती.

स्टँड नसणे म्हणजे काय, हे मी प्रथम २०२० साली अनुभवले. त्या जूनमध्ये मी नववीत गेले आणि शाळा फोनवर आली. आमचे अण्णा गवंडीकाम करतात. टाळेबंदीत कामे थांबलेली होती, म्हणून घरातला एकुलता एक फोन माझ्या वाट्याला आला. तो मी पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवत असे. पाच मिनिटांत तो घसरे आणि गणिताच्या बाईंच्या जागी आमच्या घराचे पत्रे दिसू लागत. एका हातात फोन धरावा आणि दुसऱ्या हाताने लिहावे, तर वही धरायची कोणी? शेवटी धाकटा भाऊ माझा स्टँड झाला. तो दहा मिनिटे फोन धरी आणि मग त्याची मजुरी मागे.

पलीकडच्या बाजूलाही हीच अडचण होती. पुण्यातील रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेने कपड्यांच्या हँगरला चिंध्यांनी फोन बांधला, तो हँगर खुर्चीला अडकवला आणि मुलांना फळा दाखवला. ते छायाचित्र जून २०२० मध्ये देशभर पाहिले गेले. दुसऱ्या एका शिक्षिकेने दोन डब्यांवर फ्रिजमधला पारदर्शक ट्रे आडवा ठेवला, ट्रेवर फोन ठेवला आणि खाली वहीत लिहून शिकवले. तेही चित्र त्याच वर्षी गाजले. लोकांनी त्या दोघींच्या जिद्दीचे कौतुक केले, ते योग्यच होते. मला मात्र त्या चित्रांत आणखी एक गोष्ट दिसली. शिकवणारी होती, फोन होता, शिकणारी मुले होती. नव्हता तो फक्त फोन धरून ठेवणारा तिसरा हात.

आता आपल्या वर्गाकडे येते. या वर्षी इतिहासाच्या सरांनी आम्हाला मोडी लिपीची ओळख करून दिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली ही लिपी आज आमच्यापैकी एकालाही येत नव्हती. मोडीत आधी कागदावर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे टांगत जातात. लेखणी शक्य तितकी उचलायची नाही, दोन शब्दांत अंतर सोडायचे नाही. म्हणजे अक्षर कसे दिसते एवढे कळून भागत नाही. हात कोठून निघाला आणि कोठून वळला, ते कळावे लागते. पहिला आठवडा सरांनी फळ्यावर शिकवले. पण फळ्यावर लिहिताना सरांची पाठ आमच्याकडे आणि हात सरांच्या आड. सर बाजूला होत तोवर अक्षर तयार झालेले असे. मी शेवटच्या बाकावरून ते अंदाजाने उतरवून घेत होते. माझा ‘क’ कोणत्याच लिपीतला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात सर तो स्टँड घेऊन आले. स्टँड टेबलावर ठेवला, त्याची मान पुढे वाकवली आणि टॅबलेट असा बसवला की त्याचा कॅमेरा सरळ खाली कागदाकडे पाहील. टॅबलेटची तार प्रोजेक्टरला जोडली. मग सर खुर्चीवर आमच्याकडे तोंड करून बसले आणि लिहू लागले. पडद्यावर फक्त कागद, लेखणी आणि सरांची बोटे. शेवटच्या बाकावरही पहिल्या बाकाइतकेच दिसत होते. एके ठिकाणी सर चुकले, हसले, ते अक्षर खोडले आणि पुन्हा काढले. त्या दिवशी मला मोडीतला ‘क’ आला.

सरांची ती चूक मला फार मोलाची वाटली. त्याचे कारण सांगते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आईला सही करता येते. अण्णा विटा-सिमेंटचा हिशेब अर्ध्या बांधलेल्या भिंतीवर पेन्सिलीने मांडतात आणि गिलावा झाला की तो हिशेब झाकला जातो. माणूस टेबलाशी बसून उत्तर लिहितो, अडतो, खोडतो, पुन्हा सुरुवात करतो, हे दृश्य मी घरी कधी पाहिले नाही. ज्यांच्या घरी वाचणारी-लिहिणारी माणसे आहेत त्यांनी ते नकळत शेकडो वेळा पाहिलेले असते. मला वाटत असे की विद्वान माणसांना सगळे एकदम, चूक न होता येते आणि मला येत नाही, म्हणजे मी इथली नव्हे. प्रोजेक्टरवर तयार छापील पाने एकामागून एक सरकवली की हा समज अधिकच पक्का होतो. पडद्यावर पूर्ण झालेले ज्ञान येते, ते होताना दिसत नाही. स्टँडखालच्या कागदावर ते होताना दिसले.

या वस्तूचा दुसरा उपयोग मला माझ्याच फजितीतून कळला. पहिल्या सत्रात आम्हाला प्रत्येकी एक विषय वर्गापुढे मांडायचा होता. माझा विषय १८७३ साली स्थापन झालेला सत्यशोधक समाज हा होता. तयारी चांगली झाली होती. परंतु सभागृहातले लाकडी भाषणमेज कोणा उंच माणसाच्या मापाने बनवलेले आहे आणि माझी उंची चार फूट दहा इंच. त्यामागे मी उभी राहिले तर श्रोत्यांना माझे कपाळ दिसते. म्हणून मी पुढे आले आणि टॅबलेट हातात धरला. टॅबलेटचे वजन साधारण अर्धा किलो असते. पहिल्या मिनिटाला ते काहीच वाटत नाही, दहाव्या मिनिटाला मनगट थरथरू लागते. पान सरकवायला उजवा हात, धरायला डावा, आणि मुद्दा पटवून द्यायला हातच उरला नाही. मान खाली, आवाज खाली. माझे हात भीतीने कापतात, असे मागच्या बाकांवर ठरले. थोडी भीती होती, हे मी नाकारत नाही. पण उरलेले वजन होते.

आदल्या दिवशी मी स्टँड मागायला गेले होते. “तो शिक्षकांसाठी आहे, विद्यार्थ्यांनी मोडला तर?” असे उत्तर मिळाले. उत्तर रागाने दिलेले नव्हते. वस्तू जपली पाहिजे ही भावनाही चुकीची नाही. तथापि, न वापरता जपलेली वस्तू आणि नसलेली वस्तू यांत आम्हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फरक कोणता?

खरे तर हा स्टँड मोडतो तो बहुधा कसा वापरावा हे न सांगितल्यामुळे. सरांना पाहून आणि एक-दोनदा त्यांना मदत करताना मला जे कळले ते येथे लिहिते. टॅबलेटवर बोटाने किंवा लेखणीने लिहायचे असेल तर स्टँड अगदी खाली आणावा आणि टॅबलेट जवळजवळ आडवा, मागची कड थोडी उचललेली असा ठेवावा. दांडा उंच ठेवून लिहिले की तळहाताच्या दाबाने सगळेच डुलते, कारण दाब बैठकीपासून जितका दूर, तितका तो सांध्याला अधिक पिळतो. उभे राहून बोलायचे असेल तर टॅबलेट छातीच्या उंचीला, जरासा एका बाजूला आणि मागे कललेला असावा. समोर थेट डोळ्यांच्या उंचीला ठेवला तर चेहरा झाकतो आणि भाषणमेजाचाच दोष पुन्हा येतो. कागद दाखवायचा असेल तर टॅबलेट कागदाला समांतर हवा, नाहीतर अक्षरे एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला लहान दिसतात. कागदाची जागा टेबलावर खडूने आखून ठेवावी. प्रकाश बाजूने घ्यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. तार स्टँडच्या पायाला एक वेढा देऊन बांधावी. कोणाचा पाय अडकला तर ओढ बैठकीला बसते, टॅबलेटला नाही. एवढे शिकवायला एक तास पुरे आहे.

काही जण म्हणतील की फळा आणि खडू असताना हे थेर कशाला? फळ्याशी माझे वैर नाही. वीज गेली की फळाच कामाला येतो आणि आपल्याकडे ती जाते. पण फळ्याकडे वळले की वर्गाकडे पाठ होते, ही अडचण जुन्या प्राध्यापकांनाही जाणवत होतीच. ओव्हरहेड प्रोजेक्टरचा मोठा गुण हाच होता की, वर्गाकडे तोंड ठेवून पारदर्शक कागदावर लिहिता येत असे. स्टँडने तेच काम अधिक सोपे केले आहे. आणि आधुनिकतेचे म्हणाल, तर आमच्या गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण होते तेव्हा ग्रंथ लाकडी घडीच्या व्यासपीठावर ठेवलेला असतो. वाचणाऱ्याने तो हातात तोलत बसावे, असे कोणी म्हणत नाही. जे पोथीला दिले ते टॅबलेटला द्यायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. स्टँडवर डोळ्यांसमोर मजकूर आला की माणूस बातम्या वाचल्यासारखा नुसता वाचत सुटतो. असे होते, मी पाहिले आहे. रटाळ व्याख्यान स्टँडमुळे चांगले होत नाही. पण चांगले व्याख्यान मात्र हात अडकल्यामुळे वाईट होऊ शकते. स्टँड हात मोकळे करतो. मोकळ्या हातांचे काय करायचे ते ज्याने-त्याने ठरवायचे.

राहिला प्रश्न पैशांचा. त्याबाबत माझ्या सूचना साध्या आहेत. जो स्टँड आहे तो ग्रंथालयात ठेवावा आणि ओळखपत्र ठेवून घेऊन, नोंदवहीत सही घेऊन, पुस्तकासारखाच एका तासासाठी द्यावा. विद्यार्थ्यालाही द्यावा. मोडल्यास पुस्तकासारखाच दंड करावा. सत्राच्या आरंभी तो वापरण्याचे प्रात्यक्षिक एकदा व्हावे. पुढे खरेदीचा विचार निघाला तर आणखी एक टॅबलेट घेण्याआधी आणखी दोन स्टँड घ्यावेत, कारण फोन बहुतेकांकडे आहेत आणि तो धरून ठेवणारे काही नाही.

हा लेख मी अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी स्टँड पाहिलेला नाही, म्हणून मी हातांनी करून दाखवला. ते म्हणाले, “म्हणजे परांचीच की!” भिंत छातीइतकी झाली की गवंडी खालून बांधू शकत नाही, परांची बांधावी लागते आणि भिंत चढेल तशी ती वर न्यावी लागते. घर झाल्यावर तिची कोणाला आठवणही राहत नाही. पण परांची कोठारात ठेवून भिंत वर नेणारा गवंडी त्यांनी अजून पाहिलेला नाही, असे ते म्हणाले.

पुढच्या सत्रात मला पुन्हा एक विषय मांडायचा आहे. स्टँड मिळावा म्हणून अर्ज लिहून तयार ठेवला आहे. कपाटाची किल्ली नेमकी कोणाकडे असते, तेवढे मात्र अजून कळलेले नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला